नमुना क्रमांक सात

दर मंगळवारी मी विश्वामित्रीचं पाणी भरतो.
सात बाटल्या, सात ठिकाणं,
बीएस्सी, तिसरं वर्ष, प्रकल्प पारीखसरांचा.
सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
मगर दिसली तर बाटली सोड, पाय सांभाळ.

सातवी बाटली काळ्या घोड्याच्या पुलाखाली.
तिथं ती बसलेली असायची
पाय नदीत, पाठ शहराकडे,
आणि शेजारी एक मगर,
सोसायटीच्या वॉचमनसारखी अर्धी जागी.
केस ओले.
मे महिन्यात, दुपारी दोनला, ओले.

"दर आठवड्याला रक्त काढून नेतोस," ती म्हणाली,
"कसं वाटतंय, ते कधी विचारत नाहीस."

आत्याला सांगितलं तर तिनं आधी गॅस बारीक केला.
"आसरा आहे ती. सात बहिणी असतात.
तिचं नाव विचारू नकोस,
तिनं विचारलं तर आपलंही सांगू नकोस."
मी सांगून बसलो होतो. मोबाइल नंबरासकट.
"पुष्कर म्हणजे तळं ना?" ती हसली होती,
"मग तू काही अगदीच परका नाहीस."

सहाजणी गेल्या. एकेक करून
नर्मदेच्या कालव्याला लागल्या.
तू का नाही गेलीस?
"कुणीतरी घरी नको का?"

एकदा अॅक्टिव्हावर मागे बसली.
फत्तेगंजच्या सिग्नलला माझा शर्ट पाठीवर चिंब,
रिक्षावाला आभाळाकडे बघतोय.
सेव-उसळ खाल्ली, तर्री मागून घेतली,
आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
तिनं ते बोटावर घेतलं, कितीतरी वेळ पाहिलं :
"हे आतूनही येतं?"
सेल्फीत मी एकटाच आलो,
शेजारी काचेवर श्वास टाकल्यासारखं धुकं.

प्रयोगशाळेत रसायन घातलं की
प्राणवायू असलेलं पाणी तपकिरी होतं,
नसलेल्यात पांढरा साका बसतो.
सहा बाटल्या पांढऱ्या.
सातवी बदामाच्या सालीसारखी.
"नळाचं भरलंस काय?" सर म्हणाले. "त्रुटी लिही."
मी लिहिलं. नमुना सात, त्रुटी.
माझंच अक्षर, माझीच सही.

तिला कसं कळलं, विचारू नका.
"तू मला चूक लिहिलंस," एवढंच म्हणाली
आणि उतरली. मागोमाग मगर.
पुढचे अकरा मंगळवार
सातही बाटल्या पांढऱ्या.

मग ऑगस्टच्या शेवटी नदीच घरोघर आली.
कारेलीबागेत फ्रिज तरंगले,
वीज नाही, रेंज नाही,
आमच्या जिन्यात पाणी एकेक पायरी चढत होतं
आणि मी टॉर्च घेऊन मोजत होतो.
सातव्या पायरीवर ती.
पाणी तिच्या घोट्यांशी थांबलेलं.

अजून रागावलीयेस?
"हो."
मग आलीस का?
"तुझा जिना किती पायऱ्यांचा, ते बघायला."

आत्या वर आली दहीभात, हळदकुंकू,
आणि स्वतःच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या घेऊन.
ताटली ठेवली, मान वर न करता मागे फिरली.
मी तिचा हात धरला.
गार असेल वाटलं होतं.
ताप होता तिला.
रात्रभर मी रुमाल भिजवत राहिलो
तिच्याच पाण्यात, दुसरं होतं कुठं?
पहाटे ती म्हणाली, झोप आता.
आणि मी झोपलो. गाढव.

पाणी ओसरलं. चिखल खरवडताना
एक बांगडी सापडली. दुसरी नाही.
कॉलेज उघडलं त्या दिवशी
मी 'त्रुटी' खोडून लिहिलं, आठ पूर्णांक एक.
सर पुरावा मागतील. मागू देत.

आता डिसेंबर आलाय.
सातवी पायरी अजून वाळत नाही.
खालचे शहाकाका म्हणतात लिकेज आहे,
प्लंबरला बोलावू.
मी म्हणतो, काका, राहू दे ना,
आणि चपला काढून, जरा बाजूनं, वर जातो.