सुरकुती नको

सकाळी सातला जिन्यात बोगुमिवाच्या सपाता वाजतात.
किल्ली तिच्याकडेच असते.
मी पलंगावर, पाय उशीवर,
आत नवा धातूचा गुडघा,
परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा
रात्रभर अवघडून बसलेला.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.
सूज चढायच्या आत घालायचा,
पाय जमिनीला लागण्याआधी.
त्यांचं काय जातंय सांगायला!
हा मोजा मोज्यांच्या जातीतलाच नाही.
धरला तर निसटतो, ओढला तर चावतो,
आणि गुडघा वाकत नाही, तर
बोटांपर्यंत पोचणार कोण?

बोगुमिवा भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवते.
पावलावर पावाची रिकामी पिशवी,
पिशवीवरून मोजा सुळकन टाचेपर्यंत,
मग बोटांकडच्या भोकातून पिशवी बाहेर.
ही युक्ती कुणाकडून शिकली, सांगत नाही.
नंतर तळहातांनी, वीतवीत, वर.
घोटा. पोटरी.
टाक्यांच्या वळापाशी जरा हळू.
"टाच तिरकी बसली," म्हणते,
की सगळा परत खाली.

एकतीस वर्षं मी मोज्यांच्याच गिरणीत होते.
सुतावरून स्वर्ग गाठायला निघालेलं
हे आमचं वूच शहर,
रात्रपाळी, यंत्र क्रमांक चौदा.
बोगुमिवा तपासणीला,
काचेच्या टेबलाखाली दिवा.
मोज्यात हात घालायची, बोटं फाकायची,
एक टाका सुटलेला दिसला की
अवाक्षर न काढता डावीकडच्या टोपलीत.
डावीकडचं सगळं पगारातून जायचं.
एका डिसेंबरात माझे बावीस जोड गेले,
त्यांच्यासोबत लेकीचे बर्फातले बूट.
नऊ वर्षं मी तिच्याशी बोलले नाही.
एकाच जिन्यात राहून.

मग गिरणी गेली.
आता तिथे सिनेमा आहे, आणि महागडी कॉफी.
तिचा नवरा गेला, माझाही,
कधीतरी मीठ संपलं, कुणाचं ते आठवत नाही.

आज ती माझी पोटरी
खिडकीच्या उजेडाकडे वळवते,
डोळे बारीक करते, अगदी तशीच,
अंगठ्याने गुडघ्यामागची घडी सारखी करते.
"सुरकुती नको. सुरकुती रुतते."

मी विचारते, "मग? डावीकडे?"

तिचे हात थांबतात.
इतकी वर्षं हा शब्द आम्ही
दोघींनीही काढला नव्हता.

ती हातमोजे उलटे सोलते, एक, मग दुसरा,
कुबड्या माझ्याकडे सरकवते.

"आधी चालून दाखव."