निळा खडू

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
बावीस वर्षं मी टॉवेल उजेडापुढे धरते.
चार ट्यूबलाइट, एक उतरतं टेबल
आणि हे दोन डोळे.
तुटलेला ताणा, तेलाचा ठिपका,
चुकून दोनदा आलेला बाणा,
कडेला लोंबणारं धाग्याचं टोक.
दिसलं की निळ्या खडूनं गोल.
गोल पडला की माल सेकंड.
सेकंड माल किलोवर जातो.

चेकरअक्काच्या नजरेतून मुंगी सुटत नाही,
असं खात्यात सगळे म्हणतात.
ती नजर सुटी झाल्यावर टेबलावर ठेवून यायची,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
डब्याच्या पिशवीतून ती घरी येत राहिली.
आमटीतलं मीठ, धाकट्याचा भांग,
सुनेनं वाळत टाकलेल्या चादरीचं टोक,
नवऱ्याचं हसणं, तेही फार मोठ्यानं.

एका रात्री कडक भाकरी मोडता मोडता
श्रीहरी म्हणाला,
"काय बगायलीस अम्मा इतकं?
माझ्यावर पण मार की एक गोल.
किलोवर तरी जाईन."
सगळे हसले. मीही.
घास मात्र घशाशीच थांबला,
तांब्याभर पाणी पिऊनही.

तेव्हापासून खडूचा एक तुकडा
पदराच्या गाठीत घरी येतो.
न्हाणीच्या पत्र्याच्या दाराला, आतून,
झोपायच्या आधी
मी माझा दिवस उजेडापुढे धरते.
उजेड म्हणजे झिरोचा बल्ब.
जिथं जीभ सुटली, तिथं गोल.
पहिल्या महिन्यात दार निळं झालं.
अत्तम्मानं विचारलं, ही कसली गं रांगोळी?
म्हटलं, दुधाचा हिशोब.
खोटं बोलले. त्याचाही एक गोल.

मागावर धोटा इकडून तिकडे जातो
आणि परत फिरण्याआधी
इतकुसा थांबतो.
कानाला कळत नाही, खटखटीत बुडून जातं.
मल्लेशमनं एकदा लाईट गेल्यावर
माग हातानं हळू फिरवून मला ते दाखवलं.
केवढीशी जागा!
कुणी काही बोलल्यावर
आपण बोलायच्या आधी
तेवढीच असेल बहुतेक.
मी ती चाचपत असते. पुष्कळदा हुकते.

आज रुबीनानं चाळीस टॉवेलांची किनार
उलटी शिवली.
चाळीस. आणि गाडी उद्या सकाळी.
जीभ तयारच होती, धार लावून.
मग तो धोटा आठवला.
म्हटलं, "उसव. कात्री दे, मी पण बसते."
ती बघतच राहिली.
चाळीसावा उसवेपर्यंत
तिच्या अब्बांच्या खोकल्याविषयी
मला बरंच कळलं होतं.

आणि संध्याकाळी कन्ना चौकात
रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून
भर रस्त्यात मीच...
जाऊ दे.
गोल. मोठा.

गोल कमी झाले म्हणावं, तर नाही.
काहींची रेघ पातळ झालीय,
पण खडूही झिजलेला असेल.
खाली कडीजवळ एक गोल आहे,
तो मी काढलेला नाही.
हात श्रीहरीचा वाटतो.
मी विचारलं नाही.
पुसलाही नाही.

पाणी आज पाचव्या दिवशी, रात्री तीनला.
बंद मिलच्या धुराड्याला चंद्र टेकलाय,
गच्चीची फरशी अजून कोमट.
नळ आधी खोकतो, मग नुसती हवा, मग धार.
पाळी सुनेची होती. ती झोपलीय.
मी घागर तिरपी धरते,
पाणी कडेकडेनं उतरावं,
आवाज होऊ नये म्हणून.

हे काही दारावर जाणार नाही.
चांगल्या मालावर आम्ही खूण करत नाही.
घडी घालतो,
आणि पुढचा उचलतो.