चाचणी क्रमांक ४१

सलालाह बंदरात पहाटे तीनला क्रेन थांबतात,
तेव्हा मी कंटेनरचा नकाशा मिटून
गोचा पट उघडते.
एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या,
आणि खडे घरांत नाही, फुल्यांवर.

प्रोग्रॅमला मी डोळे शिकवत होते.
डोळा म्हणजे वेढून राखलेली रिकामी जागा,
शत्रूला जिथे पाय टेकता येत नाही.
दोन असले की समूह जगला.
एकावर नुसता वेळ काढता येतो.
ओळीत तीन रिकाम्या असतील
तर मधली ज्याची, जीव त्याचा.
चौरस चार दिसतात ऐसपैस,
पण घर बांधतानाच मेलेले.

आणि खोटा डोळा.
तिरक्या चार कोपऱ्यांतले दोन शत्रूकडे गेले
की तो खोटा; कडेला एकच पुरे.
हे मी नऊ ओळींत बसवलं
आणि स्वतःवरच खूश झाले.

हाफ्याच्या रस्त्यावर मोफिजुल नारळ विकतो.
सोललेला एक हातात घेऊन खिळा टेकवतो:
पहिला डोळा दगड, दुसरा दगड,
तिसऱ्यात खिळा अलगद आत.
आचऱ्याला आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं,
तरी मी दर वेळी बघत उभी राहते.
खरा कुठला ते बोटाला कळतं, म्हणतो तो,
बघून नाही.

नोहसाहेबांनी जायच्या आठवड्यात
बिल ऑफ लेडिंगच्या पाठीवर एक आकृती काढून दिली.
काळ्यांचं कडं, आत दोन भोकं.
प्रोग्रॅम म्हणाला: पहिला खोटा. दुसरा खोटा. मृत.
पापणी लवायच्या आत.
"मार मग," म्हणाले.

मी पांढरे घेतले.
बाहेरच्या सगळ्या वाटा बुजवल्या,
चहा निवला.
जो तुकडा तोडायला जावं
त्याचं दुसरं टोक पलीकडच्या भोकाला टेकलेलं.
दोन तुकडे, दोन्ही डोळे खोटे,
आणि प्रत्येकाने दोन्ही धरलेले.
नोहसाहेब खिडकीतून जहाजं मोजत होते.

कंपनीच्या फॉर्मवर रकाना आहे,
आपत्काळी कोणाला कळवायचं, दोन नावं.
मी नोहसाहेबांचं आणि मोफिजुलचं लिहिलंय.
नातं: इथे रेघ मारली होती,
एचआरच्या पोरीने ती चालवून घेतली.
गुरुवारी साहेब उल्सानला जातील.
फॉर्म पुन्हा भरावा लागेल.

नऊ ओळी पुसल्या.
आता प्रोग्रॅम कोपरे बघून निकाल देत नाही,
एकेका साखळीला विचारत फिरतो,
तू आणखी कोणाला धरून आहेस?
चाळीसपट हळू झाला.
त्याची वाट बघता बघता
टेबलावरच माझा डोळा लागला.

क्रेनच्या भोंग्याने जाग आली तेव्हा पडद्यावर
एकेचाळीस: जिवंत.
बेचाळीस अजून चुकतेच आहे.