मुरूम

हडपसर मागं पडलं की
डांबर एका गेटापाशी संपतं.
गेटाला कुलूप. शेजारी
सायकल तिरकी करून निघेल एवढी फट.
ती कुणी ठेवली ठाऊक नाही,
पण कुणी बुजवलेलीही नाही.

पलीकडं मुरूम.
तांबूस, बारीक, मधेच एखादा दगड
अक्कलदाढेसारखा वर आलेला.
एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला उसाचे फड
आणि समोर नजर पोचेल तिथवर
एकही गाडी नाही.

टेलिफोनच्या ऑफिसात बत्तीस वर्षं गेले.
आधी सायकलनं, मग लुनानं, मग स्कूटरनं,
शेवटी दुसऱ्याच्या कारमध्ये, मागच्या सीटवर.
दर बदलात पायाला जमीन
थोडी थोडी कमी लागत गेली.

पहिल्या दिवशी अंगठा आपोआप घंटीवर.
वळण आलं, ट्रिंग.
बाभळीची सावली आली, ट्रिंग.
कुणाला सांगत होते मी येतेय म्हणून?
एक मुंगूस तेवढं थांबलं,
हेडक्लार्क रजेच्या अर्जाकडं बघतो
तसं माझ्याकडं बघितलं
आणि घाणेरीत शिरलं.

मान सारखी मागं वळायची.
मागं कोणी नाही.
उजवा खांदा पीएमटीच्या धास्तीनं आकसलेला,
तो फुरसुंगीचा वास संपेपर्यंत तसाच.
लोणीच्या अलीकडं कधीतरी
लोणच्याच्या बरणीचं झाकण
अचानक फिरावं तसा सुटला.
तेव्हा कळलं,
मी तो धरून बसले होते. इतकी वर्षं.

डांबरावर सायकलीला स्वतःचा आवाज नसतो.
इथं आहे.
पलीकडच्या खोलीत कुणी
एकटंच कुरमुरे खात बसलंय,
तसा.

उरुळीच्या पुढं काटा घुसला.
पंप नाही, ठिगळ नाही,
आणि फोन करून सांगणार काय?
कुठं आहेस, तर पाण्याच्या कडेला.
मग समोरून एक काळी सायकल,
कॅरिअरला फावडं बांधलेलं.
पाटकरी. भिकोबा कुंजीर.
काही न विचारता त्यानं माझी सायकल उलटी केली,
ट्यूब काढली, कालव्यात बुडवली,
बुडबुडे आले तिथं बोट ठेवलं.
"कालव्याचंबी असंच," म्हणाला,
"फकस्त तिथं पाणी भाईर जातं, हितं हवा."

रोज किती किलोमीटर होतात, विचारलं.
त्यानं कधी मोजले नव्हते.
"पाणी सुटलं की त्याच्या तोंडासंगं जायाचं.
ते येतं दमानं.
आपुन म्होरं जाऊन काय उपेग?
खेकड्यांनी कुठं भगदाड पाडलंय,
कुणी रातचं फोडलंय,
बघत बघत जायाचं."
अठ्ठावीस वर्षं.
माझ्या मनगटावर सरासरी वेग दिसत होता,
सोळा पूर्णांक चार.
मी बाही खाली ओढली.

ठिगळ वाळेस्तोवर बसलो.
"हे समदं नळातनं न्यायचं म्हणत्यात.
मंग वर रस्ता हुईल. चांगला."
चांगला म्हणताना
तो फावड्याची दोरी आवळत होता.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला, काटा ठेवा जपून,
दुसऱ्याच्या चाकात जाईल.
तो अजून माझ्या पर्समध्ये आहे,
बसपासच्या कप्प्यात.

पुढं मी हळू गेले.
पाण्यातनं निळ्या पट्ट्याची एक चप्पल चालली होती,
एकटी, तोंड वर करून.
तिच्याबरोबर राहिले.
कधी ती पुढं, कधी मी,
एकदा जलपर्णीत अडकली
तर पाय टेकून थांबलेसुद्धा.
यवतच्या अलीकडं ती मोरीत शिरली, अंधारात,
आणि अख्ख्या सकाळीत पहिल्यांदाच
मी कुणालातरी उद्देशून
घंटी वाजवली.