आधी हातातलं, मग पोटातलं

सोव्हिएत काळात इथून फवारणीची विमानं उडायची.
आता धावपट्टीच्या भेगांत गवत, टोकाला बर्चची रांग,
आणि एक बाक. बाकावर ऊर्वे.
तिच्या उजव्या हाताची तर्जनी एका पेराने आखूड आहे.
त्याच बोटाने ती नियम सांगते.
कुणी वाद घालत नाही.

आधी हातातला रिमोट चालू, मग पोटातली बॅटरी जोड.
उतरल्यावर उलटं: आधी पोटातलं काढ, मग हातातलं बंद कर.
क्रम चुकलास, तर मधल्या क्षणात
विमानाचे कान उघडे असतात
आणि बोलणारं कुणी नसतं.
तेव्हा ते कुणाचंही ऐकेल.

मी दुधाचा टँकर चालवतो, सव्वीस वर्षं,
टार्टूच्या रस्त्याने, बर्फातसुद्धा.
टायरला लाथ मारून पाहिल्याशिवाय कधी निघालो नाही.
तरी पहिल्या दिवशी हसलो होतो तिला:
दोन किलोचं बाल्साचं खेळणं,
त्याला एवढं सोवळं?
ऊर्वेने डब्यातली काकडी काढली,
काठीला बांधली,
आणि फिरत्या पंख्याला दाखवली.

त्या दुपारी कोशिंबीर कुणी खाल्ली नाही.

तेव्हापासून मी पंख्याच्या मागे उभा राहतो.
बाही वर, मफलर गाडीत.
पंखाखाली दोन बोटांवर विमान तोलतो
(तिच्या तर्जन्या सारख्या नाहीत, ती मधली बोटं वापरते):
नाक जरासं झुकायला हवं,
नमस्काराइतकं नको,
होकाराइतकं.
मग रिमोटची ताकद कमी करून तीस पावलं मागे,
ती विमान धरून बसते, मी दांडी हलवतो,
शेपूट हललं की ती हात वर करते,
मधे नुसतं गवत आणि आमचं हे मुकं बोलणं.
मग रिमोट मुद्दाम बंद: पंखा थांबला?
थांबला.
थांबायलाच हवा. हरवलेल्या विमानाने
घर शोधायचं नसतं, गप पडायचं असतं.

ऑगस्टमधला एक रविवार. हवा अशी की वाया घालवू नये.
आदल्या रात्री मी एक मोटर बदललेली,
स्वयंपाकघरात, बायको झोपल्यावर.
सगळं तपासलं. सगळं बरोबर.
विमान पट्टीवर ठेवलं आणि ऊर्वे म्हणाली,
उजवीकडे दांडी ने. कुठलं एलेरॉन वर गेलं?
उजवं, मी म्हणालो.
कुठून पाहिलंस?
समोरून.
मागे ये.

मागे गेलो.
उजवीकडे दांडी, आणि उजवं एलेरॉन खाली.
पुन्हा नेली. पुन्हा खाली.
आरशात भांग पाडणाऱ्या माणसासारखा
मी समोर उभा राहून
डाव्यालाच उजवं म्हणत होतो.
उडालं असतं, तर पहिल्याच वळणावर
मी सावरायला जे केलं असतं
त्यानेच ते पालथं झालं असतं.
कुठे, ते मी पाहिलं.
बर्चच्या पलीकडे माइमू वाकलेली होती,
ब्लूबेरीच्या झुडपांत, दोन नातवंडांसह.
धाकट्याची टोपी लाल होती.

मला बसावं लागलं.
ऊर्वेने पाणी दिलं नाही, धीर दिला नाही.
बॅटरी काढ, म्हणाली.
मग हातातलं.
वहीत तिने लिहिलं: वारा शून्य. उड्डाणं शून्य.
कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

संध्याकाळी माइमू बादली घेऊन आली.
मुलं विमानाभोवती फिरली, लाल टोपीवाल्याने
पंख्याला हात लावायचा प्रयत्न केला,
आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो.
माइमूने ओंजळभर फळं बाकावर ओतली.
आज उडवलं नाहीत का?
मी तोंड उघडलं.
वारा बरा नाही, ऊर्वे म्हणाली,
आणि त्या आखूड, निळ्या झालेल्या बोटाने
झाडांकडे दाखवलं.

बर्चचं एक पान हलत नव्हतं.