वीस फेऱ्या

दर सहा महिन्यांनी एक, अशा वीस.
पिसुर्ल्याच्या चढावर स्कूटर धापते.
खाण कधीचीच बंद, खड्ड्यात हिरवं पाणी,
काजूंवरची लाल धूळ मात्र अजून कामावर.

फटू गावस, क्रमांक एकशे सत्तेचाळीस,
पडवीत बसलेला, शर्टाचं वरचं बटण लावून.
नळी तोंडात. फुंका. फुंका, अजून, अजून, अजून —
रेघ चढते, थरथरते, खाली बसते
गेल्या खेपेपेक्षा थोडी लवकर.

फॉर्मवर तीन चौकोन:
हयात. मयत. संपर्क तुटला.
तिसऱ्यात बत्तीस जण.
त्यांतला एक साखळीच्या बाजारात मिरच्या विकतो,
मला बघून तराजूत बघतो.

"ही शेवटची," मी म्हटलं. "दहा वर्षं भरली, अभ्यास संपला."
"आणि खोकला?"
खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं त्याने.

मग बराच वेळ श्वास गोळा करून:
"पहिल्यांदा आलीस तेव्हा तुला चष्मा नव्हता, बाय.
सातव्या खेपेला पोट होतं.
आठव्याला नव्हतं, आणि पोराचं नाव काढलं नाहीस.
मीही विचारलं नाही.
आज तीन पायऱ्या चढताना
खांबाला हात लावलास."

मी पेनाचं टोपण लावलं,
काढलं, पुन्हा लावलं.

"मे महिन्यात ये," तो म्हणाला.
"यंत्र नको आणू.
पिशवी आण, फणस असतील."