वडील, हॉल

शिरोड्याच्या बाजारात माझा स्टुडिओ,
खाली पिठाची गिरण, वर मी.
निळ्या पडद्यासमोर दिगंबर मोचेमाडकर बसले होते,
कोट माझा, टाय माझा,
खाली त्यांचा घरचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.

"हसा नको म्हणान सांगल्यानी," म्हणाले,
"पण कडकय नको.
मेल्लो बापूस आसंय मी. मायाळू."

बत्तीस वर्षं मुंबईत.
अकरा वेळा हवालदार,
साहेबाच्या मागे दोन पावलं.
डॉक्टर झाले, चष्मा काढून नुसती मान हलवली.
रजिस्ट्रार झाले. "इथे सही करा."
एवढं वाक्य ते शेवटपर्यंत म्हणत,
रेशनच्या रांगेतसुद्धा,
आणि आवाज बदलून जायचा.

गुडघे गेले, गावी आले,
तेव्हा लागली ती मालिका.
भिंतीवर ते. चंदनाचा हार.
सहाशे चाळीस भाग.
नायिका रोज रात्री त्यांच्यापुढे रडायची.
फोटोचे पैसे एकदाच आले, अडीच हजार,
ते माडांच्या खतात गेले.

आबा गावड्याच्या हॉटेलात खाजं चघळत
ते स्वतःकडे बघत बसत.
"इतक्या वर्सांत एकय रिटेक नाय, बघलंस?"
कुंदाकाकी मात्र आठ वाजले की
बॅटरी घेऊन विहिरीवर जायची,
पंप बंद असला तरी.

मालिका संपली. कुरिअरने फोटो परत आला, हारासकट.
मागे खडूने लिहिलेलं: वडील, हॉल.

गेल्या माघात ते गेले,
मोचेमाडच्या पुलावर, हातात सुंगटांची पिशवी.
जमलेले म्हणाले, फोटो तयारच आहे की.
काकी म्हणाली, "तो नको.
तो त्या चेडवाचो बापूस."

मग ट्रंक उघडली.
पोस्टमन. भटजी. पुन्हा हवालदार.
केस हरणारा वकील.
लग्नाचा फोटो वाळवीने खाल्लेला,
काकीचा हात तेवढा शिल्लक.

पहाटे माझ्याच कॉम्प्युटरवर सापडले ते.
कोट चढवण्याआधी, लाइट बघायला मी काढलेले.
गंजीफ्रॉकवर, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं,
मला काहीतरी विचारतायत.
चहाचंच असणार.

ओठ मिटवून देऊ का, मी म्हटलं.
काकी बराच वेळ स्क्रीनजवळ उभी.
"ऱ्हवांदे," म्हणाली. "बोलांदेत."

फ्रेम तीच वापरली, सागवानी होती.
मागचा खडू पुसायचा राहून गेला.